टोपीखालची ढाल

१. बिशपांना ढाल कशाला?

दीक्षाविधीची निमंत्रणपत्रिका असो, धर्मप्रांताचं परिपत्रक असो की बिशपांच्या निवासस्थानाचं फाटक, वरच्या अंगाला एक रंगीत ढाल दिसतेच. ढालीच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, टोपीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे गोंडे, मागून डोकावणारा क्रूस आणि खाली पट्टीवर दोन-चार शब्द, बऱ्याचदा लॅटिन. ख्रिस्ती नसलेला माणूस हे पाहतो आणि विचारतो, क्षमेचा उपदेश करणाऱ्याला ढाल कशाला? ते काय लढाईला निघालेत? ख्रिस्ती माणूस विचारत नाही, कारण लहानपणापासून पाहून पाहून त्याचं तिकडे लक्षच जात नाही. ‘गोंडे किती?’ या प्रश्नाचं उत्तर न अडखळता देणारा मला आजवर एकच जण भेटला आहे, आणि तो छापखान्यात कामाला होता.

प्रश्न मात्र रास्त आहे. ढाल मुळात योद्ध्याचीच. बाराव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या सरदारांनी आपापल्या ढाली ठरावीक चित्रांनी रंगवायला सुरुवात केली. पोलादी शिरस्त्राणात तोंड झाकलं की आपला कोण आणि परका कोण, कळायचं नाही. हेल्मेट घातलेला फलंदाज आपण पाठीवरच्या नंबरावरून ओळखतो, तसं ढालीवरच्या सिंहावरून किंवा गरुडावरून माणूस ओळखला जाई. बापाची खूण पोरानं घेतली, पोराची नातवानं, आणि बघता बघता ती घराण्याची झाली. मराठीत आपण तिला कुलचिन्ह म्हणतो ते म्हणूनच.

बिशपांकडे ही ढाल रणांगणावरून आली नाही. (रणांगणावर गेलेले बिशप होते. बायो या गावचा बिशप ओडो १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईत सोटा घेऊन घोड्यावर बसलेला एका प्रसिद्ध भरतकामात अजून दिसतो. पण तो अपवाद.) ती आली शिक्क्यावरून. त्या काळी कागदाला किंमत यायची ती सहीनं नव्हे, मेणावर उठवलेल्या मुद्रेनं. आपल्याकडे ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द ज्या जगातून आला, तसंच ते जग. बिशपाची मुद्रा लांबट, दोन्ही टोकांना निमुळती असे आणि तिच्यात उभा असे स्वतः बिशप, हातात दंड घेतलेला. पुढे त्याच्या पायाशी एक छोटी ढाल आली. मग ढाल मोठी होत गेली, बिशपांची आकृती लहान होत गेली आणि शेवटी मुद्रेत ढालच उरली.

पण एक अडचण होती. कुलचिन्ह कुळाबरोबर चालतं. कॅथलिक बिशपाला बायको नाही, मुलं नाहीत, वारस नाही. त्याची ढाल त्याच्याबरोबरच संपणार. मग या चिन्हात पुढे चालणारं काय? ते ढालीबाहेर आहे. ढालीच्या आतला मजकूर माणसाचा, ढालीबाहेरचा साज पदाचा. एवढं ध्यानात ठेवलं की अर्धी वाचनविद्या आली.

२. शिरस्त्राण काढा, टोपी घाला

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची फरशी पाहायला वेळ काढा. पायाखाली पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या शिळा आहेत आणि त्यांच्यावर ढाली कोरलेल्या आहेत. सरदाराच्या ढालीवर शोभतं ते शिरस्त्राण. धर्मगुरूनं शस्त्र धरायचं नाही, तेव्हा शिरस्त्राण गेलं आणि त्या जागी टोपी आली.

ही टोपी खरीखुरी होती. यात्रेकरू ऊनपावसासाठी घालत तशी रुंद काठाची, हनुवटीखाली दोरीनं बांधायची. १२४५ साली फ्रान्समधल्या लियों शहरात भरलेल्या धर्मपरिषदेत पोप चौथे इनोसंट यांनी कार्डिनलांना लाल टोपी दिली. लाल का? श्रद्धेसाठी रक्त सांडायची तयारी असावी, म्हणून. दोरीच्या टोकांना गोंडे होतेच, चित्रात ते वाढत गेले आणि डोक्यावरून निघालेली टोपी ढालीवर जाऊन बसली. बिशपांची टोपी हिरवी आहे, कारण ही पद्धत पसरली स्पेनकडून, आणि तिथले बिशप प्रत्यक्षात हिरवी टोपी घालत.

कार्डिनलांच्या लाल टोपीची अखेर मात्र चटका लावणारी आहे. कार्डिनल वारले की त्यांची टोपी कॅथीड्रलच्या छताला, कबरीच्या वर टांगत. ती तिथे धूळ खात, कुजत, धागा धागा होऊन खाली येईपर्यंत लोंबकळायची. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये आणि न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्समध्ये अशा टोप्या आजही पाहायला मिळतात. १९६९मध्ये टोपी देण्याची प्रथा बंद झाली. आता ती फक्त चित्रात उरली आहे.

त्याच वर्षी आणखी थोडी झाडलोट झाली. ढालीवर टोपीच्या जोडीला मायटर (बिशप विधीच्या वेळी घालतात ते उंच, निमुळतं शिरोवस्त्र) आणि मेंढपाळी दंड यांचीही गर्दी असे. ३१ मार्च १९६९च्या आदेशानं कार्डिनल आणि बिशप यांच्या ढालीवरून ही दोन्ही काढली आणि टोपी व क्रूस एवढंच ठेवलं. सरदारी मुकुट आणि पदव्या यांना १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी आणि मग १९५१ साली बाराव्या पायस यांच्या काळात रजा मिळाली होती. जर्मनीत वुर्झबुर्गसारख्या ठिकाणी एके काळी बिशप हाच राजा असे, तेव्हा दंडाबरोबर तलवारही चिन्हात उघडउघड मिरवली जायची.

३. गोंडे मोजा, पण रंग पाहून

आता मोजणी. टोपीच्या एकाच बाजूचे गोंडे मोजा. दुसरी बाजू तिचंच प्रतिबिंब असते.

दहीहंडीचा मनोरा उभा करून पाहा. वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन. तीन थर, सहा गोविंदा. बिशपाच्या ढालीला एका बाजूला बरोबर एवढेच गोंडे असतात: सहा, म्हणजे दोन्ही मिळून १२. खाली चौघांचा थर वाढवला की दहा झाले. हे आर्चबिशप, एकूण २०. पाचांचा पाचवा थर दिला की पंधरा. हे कार्डिनल, एकूण ३०. कार्डिनलांचा हा आकडा १८३२ साली पक्का झाला. साध्या धर्मगुरूला एका बाजूला एकच गोंडा, टोपी काळी. जसं पद चढतं तसा वर माणूस चढत नाही, खाली थर वाढतो. हे कुणी मुद्दाम योजलेलं नाही, पण मला आवडतं.

नुसत्या आकड्यावर विसंबू नका. सहा गोंडे मोन्सिन्योर या मानाच्या पदवीच्या धर्मगुरूलाही असतात, पण तिथे जांभळा रंग येतो. सहा हिरवे म्हणजे बिशप, सहा जांभळे म्हणजे मोन्सिन्योर. पंधराचंही तसंच. पंधरा लाल म्हणजे कार्डिनल, आणि पंधरा हिरवे म्हणजे पॅट्रिआर्क, काही जुन्या मानाच्या धर्मपीठांचा प्रमुख.

हा शेवटचा प्रकार आपल्या शेजारीच आहे. गोव्याचा धर्मप्रांत १५३३चा. पुढे तिथे आर्चबिशप आले आणि १८८६मध्ये त्यांना ‘पूर्वेकडील इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही मानाची पदवी मिळाली. म्हणजे नियमानं गोव्याच्या आर्चबिशपांना दहाऐवजी पंधरा हिरवे गोंडे. सध्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनल झाले. नियम लावून पाहा. गोंडे वाढले किती? एकही नाही. बदलला फक्त रंग. याउलट मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले, तेव्हा नियमाप्रमाणे दहाचे पंधरा झाले आणि हिरव्याचे लालही झाले.

ढालीमागचा क्रूस हा दुसरा पुरावा. एक आडवी पट्टी असेल तर बिशप, दोन असतील तर आर्चबिशप. जुन्या दगडी कोरीव कामात मात्र गोंड्यांची संख्या कारागिराच्या हातावर आणि उरलेल्या जागेवर अवलंबून असे, तिथे क्रूसाचा आधार घ्यावा.

४. उजवं म्हणजे डावं

आता ढालीच्या आत शिरू. पुष्कळ ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत, ढाल मधोमध उभी विभागलेली दिसते. एका भागात धर्मप्रांताचं चिन्ह, दुसऱ्यात बिशपांचं स्वतःचं. मानाचा भाग उजवा, आणि तो धर्मप्रांताचा. पण तुम्ही चित्रात उजवीकडे पाहिलंत तर फसाल. इथे उजवं-डावं पाहणाऱ्याचं नसतं, ढाल धरणाऱ्याचं असतं. नाटकात नट उजवा हात वर करतो तेव्हा तो आपल्याला डावीकडे दिसतो, तसंच. म्हणून धर्मप्रांत आपल्या डाव्या हाताला शोधायचा.

ही मांडणी मराठी माणसाला अनोळखी वाटू नये. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव येतं, मग पेशव्यांचं. अधिकार कुणाच्या नावानं चालतो, हे आधी सांगायचं आणि चालवतो कोण ते नंतर. बिशपांची बदली दुसऱ्या धर्मप्रांतात झाली की ढालीचा एक भाग बदलतो, दुसरा तसाच राहतो. निवृत्त झाले की धर्मप्रांताचा भाग गळतो आणि उरतं फक्त स्वतःचं.

५. रंगांचा एकच नियम

ढालीच्या शास्त्रात नियम भारंभार असतील असं वाटतं. पाळावा असा मोठा नियम एकच आहे. सोनं आणि चांदी हे ‘धातू’ (कागदावर पिवळा आणि पांढरा). लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. कारण सोपं आहे: लांबून दिसलं पाहिजे. एसटीच्या पाटीवर निळ्यावर हिरव्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलं तर गाडी निघून गेल्यावर ते वाचून होईल.

एक ढाल बनवून पाहू. समजा, वसईच्या किनारपट्टीवरचा, कोळी आईबापांचा मुलगा बिशप झाला. वसईच्या मराठीत, महागुरुस्वामी झाला. त्याला ढालीवर समुद्र हवा, होडी हवी, आजोळच्या वाडीतली केळ हवी आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया हवेत. गोन्सालो ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर चढवले गेले आणि भाल्यांनी भोसकून मारले गेले. १८६२मध्ये त्यांना संतपद मिळालं.

समुद्र म्हणून निळी पार्श्वभूमी घेतली. तिच्यावर सोनेरी होडी: रंगावर धातू, चाललं. होडीशेजारी केळीचं हिरवं पान: रंगावर रंग, नापास. पान सोनेरी करता येईल, पण सोनेरी केळीचं पान पाहून वाडीतली माणसं हसतील. माथ्यावर चांदीची आडवी पट्टी घेऊ, तिच्यावर गोन्सालोंसाठी लाल क्रूस आणि दोन लाल भाले: धातूवर रंग, चाललं. आता पान या पट्टीवर बसेल का? रंगाच्या नियमानं बसेल, पण क्रूस, भाले आणि पान एका पट्टीत म्हणजे लग्नाची पत्रिका झाली. केळ घरीच राहू द्या. अलीकडच्या पुष्कळ ढाली पाहताना मला हेच सांगावंसं वाटतं. पुस्तक, कबुतर, दिवा, कमळ, उगवता सूर्य आणि जिल्ह्याचा नकाशा एवढं सगळं एका वीतभर ढालीत कोंबलं की लांबून काहीच दिसत नाही, आणि जवळून पाहायला कुणी थांबत नाही.

झालेली ढाल शब्दांत अशी मांडायची: निळ्यावर सोनेरी होडी, माथ्याला चांदीची पट्टी, तिच्यावर लाल क्रूस, दोन्ही बाजूंना लाल भाले. या विद्येत खरं मोल या वाक्याचं असतं, चित्राचं नव्हे. पुरणपोळीची कृती एकच, पण प्रत्येक घरची पोळी वेगळी, तसं एकाच वाक्यावरून दहा चित्रकार दहा होड्या काढतील आणि दहाही बरोबर असतील.

एक प्रश्न उरतो. एकरंगी छपाईत किंवा दगडावर रंग कसा कळायचा? पेत्रा सांक्ता नावाच्या इटालियन येशूसंघी धर्मगुरूंनी १६३८मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात एक युक्ती वापरली आणि तीच रूढ झाली. ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी, उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा. जुन्या पुस्तकातली ढाल उगाच रेघोट्या ओढल्यासारखी दिसली, तर त्या रेघोट्या वाचायच्या असतात. छापखान्यातल्या आमच्या त्या गृहस्थांना ही लिपी तोंडपाठ होती.

६. अस्वल, सिंह आणि जटामांसी

आतला मजकूर माणसाचा असतो हे पाहायला पोपांच्या ढाली उत्तम. पोप हेही रोमचे बिशपच. त्यांच्या ढालीमागे एक सोन्याची आणि एक चांदीची अशा दोन किल्ल्या असतात.

२००५मध्ये पोप झालेल्या सोळाव्या बेनेडिक्ट यांच्या ढालीवर पाठीवर बोचकं बांधलेलं एक अस्वल आहे. ते आलं जर्मनीतल्या फ्रायसिंगचे आठव्या शतकातले संत कोर्बिनियन यांच्या कथेतून. रोमला जाताना त्यांच्या ओझ्याच्या घोड्याला अस्वलानं मारलं. संतांनी अस्वलाला दटावलं आणि घोड्याचं ओझं त्याच्याच पाठीवर लादलं. रोम आल्यावर त्याला सोडून दिलं. बेनेडिक्ट १९७७मध्ये म्युनिक आणि फ्रायसिंगचे आर्चबिशप झाले, तेव्हा हे अस्वल त्यांनी ढालीवर घेतलं. पुढे रोममध्ये कामाला गेल्यावर त्यांनी आत्मचरित्रात स्वतःची तुलना या ओझ्याच्या जनावराशी केली: अस्वल रोममध्ये सुटलं, हे मात्र सुटले नाहीत. ते लिहिलं तेव्हा ते पोप व्हायचे होते. २०१३मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला, तेव्हा ढालीवरचं अस्वल अनेकांना आठवलं असेल.

बाहेरच्या साजातही त्यांनी बदल केला. पोपांच्या ढालीवर शतकानुशतकं तीन कडी असलेला मुकुट असे. सहाव्या पॉल यांनी आपला मुकुट १९६४मध्ये वेदीवर ठेवला आणि पुन्हा घातला नाही, तरी चित्रातला मुकुट हटायला आणखी चार दशकं लागली. बेनेडिक्ट यांनी त्याजागी साधा मायटर आणला. व्हॅटिकनच्या झेंड्यावर मात्र मुकुट अजून आहे.

विसाव्या शतकात व्हेनिसहून तीन पोप आले: दहावे पायस, तेविसावे जॉन आणि पहिले जॉन पॉल. तिघांनीही ढालीच्या माथ्यावर व्हेनिसचा पंखवाला सिंह ठेवला. जुनं गाव सोडवेना!

फ्रान्सिस यांच्या ढालीवरून २०१३मध्ये गंमत झाली. खालच्या कोपऱ्यातलं झुबक्यासारखं फूल अनेकांना द्राक्षांचा घड वाटलं. व्हॅटिकनला सांगावं लागलं की ते नार्दो आहे, संत जोसेफची खूण. स्पॅनिश भाषकांच्या चित्रपरंपरेत जोसेफच्या हातात ही डहाळी असते. आता मराठीत नार्दोला काय म्हणायचं? बायबलमधलं नार्द नावाचं मोलाचं सुगंधी तेल म्हणजे हिमालयातली आपली जटामांसी. पण स्पॅनिशमध्ये निशिगंधालाही नार्दोच म्हणतात, आणि डहाळीवर ओळीनं फुलं ती निशिगंधालाच. चित्रकारानं काय काढलं कुणास ठाऊक, पण मी निशिगंध म्हणतो.

ढालीवर अक्षर असू नये, असं जाणकार मानतात. ढाल न वाचता ओळखता यावी, हा त्यामागचा विचार. तरी दुसऱ्या जॉन पॉल यांनी ढालीवर मारियेचं ठसठशीत सोनेरी एम ठेवलंच, क्रूसही मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवला. त्यांच्यासकट ओळीनं चार पोपांच्या ढाली आखणारे आर्चबिशप ब्रुनो हाइम हे या विद्येतले मोठे अधिकारी, पण ढाल ज्याची त्याचं म्हणणं शेवटी चालतं. व्हॅटिकनमध्ये बिशपांच्या ढाली तपासून मंजूर करणारं खातंच नाही. म्हणून तर निशिगंधापासून नकाशापर्यंत काहीही सापडतं.

७. ढाल नसते तेव्हा

बिशप गेले की ढाल गेली, हे पोपांनाही लागू. पोपांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अंगठीवरची मुद्रा कार्डिनलांसमोर निकामी करतात, म्हणजे त्यांच्या नावानं कागद निघायला नको. आणि नवे पोप निवडून येईपर्यंत व्हॅटिकनच्या कागदांवर, नाण्यांवर, तिकिटांवर वेगळंच चिन्ह येतं: अर्धवट उघडलेलं लाल-सोनेरी छत्र, त्याखाली आडव्यातिडव्या दोन किल्ल्या.

२१ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सिस गेले. ८ मे रोजी चौदावे लिओ निवडून आले. त्यांच्या ढालीवर वर निळ्यात पांढरी लिली आणि खाली पुस्तकावर बाण लागलेलं हृदय आहे, ही त्यांच्या ऑगस्टिनियन संघाची खूण. मधल्या सतरा दिवसांसाठी व्हॅटिकननं टपाल तिकिटं काढली. त्यांवर छत्र आहे, किल्ल्या आहेत, ढाल नाही.